मी घातलेल्या अकरा शपथा

आतापर्यंत मी चारशेच्या वर माणसांची बोटं टोचली आहेत. पहिलं बोट टोचताना माझा हात इतका कापत होता की समोरच्या आजींनीच माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "आन इकडं ते सुई, मीच टोचून घेतो. काटे काढाची सवय हाय मले."

दिवाळी अंकात आपल्या कामाविषयी लिहिणारी माणसं बहुतेक तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली असतात. मी तेलंगणातल्या आदिलाबादच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं काम म्हणजे दोन उन्हाळे आणि मधले रविवार, एवढंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे लिहिलेलं बरोबर आहे का हे विचारायलाही घरात कोणी नाही. तरी लिहिते आहे, कारण मला एका माणसापर्यंत एक निरोप पोचवायचा आहे आणि दुसरे सगळे रस्ते करून झाले आहेत.

आधी काम काय होतं ते सांगते. एका संस्थेनं गुडीहत्नूर आणि बाजारहत्नूरकडच्या गावांमध्ये घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासायचं काम घेतलं होतं. गावांत मराठी बोलणारे पुष्कळ, आणि तपासणाऱ्या मुली तेलुगूवाल्या. म्हणून दोन्ही भाषा येणारी मुलगी हवी होती. मला एक पिशवी मिळाली. तिच्यात दंडाला बांधायचा पट्टा, शुगरचं छोटं यंत्र, पट्ट्यांची डबी, सुया, कापूस, एक रजिस्टर आणि तेलुगूत छापलेली पत्रकं. औषध देण्याचा किंवा बदलण्याचा मला अधिकार नव्हता. मोजायचं, लिहायचं, आकडा जास्त आला तर सरकारी दवाखान्यात पाठवायचं आणि पत्रकातलं खाण्यापिण्याचं समजावून सांगायचं. मीठ कमी, साखर कमी, भाजी जास्त, रोज चालणं, तंबाखू बंद, गोळी चुकवायची नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण फॉर्ममधले प्रश्न आमच्या गावांसाठी लिहिलेले नव्हते. "तुम्ही रोज किती मिनिटं चालता?" असं मी एका काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "वावर तीन किलोमीटर हाय. मी काय उडत जातो का?" फळं आठवड्यातून किती दिवस खाता, या प्रश्नावर त्यांच्या बायकोनं विचारलं, "बोरं धराची का नाई धराची?" मी सुपरवायझर मॅडमना फोन करून विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही बोरं धरली.

गयामायची ओळख अशाच एका रविवारी झाली. त्यांचं नाव गयाबाई, वय साठच्या आसपास, घरामागं अर्ध्या एकरात वांगी, मिरची, कोथिंबीर लावायच्या आणि गुडीहत्नूरच्या बाजारात स्वतः विकायला बसायच्या. घरात त्या आणि सून शीलावहिनी. मुलगा हैदराबादेत कामाला. मी पत्रकातलं वाचून दाखवलं, भात कमी करा, ज्वारीची भाकर खा. त्या हसायला लागल्या. "आमी ज्वारी खात होतो तवा लोकं आमाले अडानी म्हनत होते. मंग राशनचा तांदूळ आला, ज्वारीच्या वावरात कापसाची पऱ्हाटी लावली. आता ज्वारी कागदावर छापून आली काय? शीले, आयकलं का वो, आपन पयलेच शायने होतो."

त्यांची शुगर इतकी जास्त आली की मी पट्टी खराब असेल म्हणून दुसरी लावली. दुसरीही तेच म्हणाली. मी त्यांना दवाखान्यात पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. पण पंधरा दिवसांनी गेले तर गयामाय चहा पीत बसलेल्या. चहा कसला, पाकच तो. गोळ्यांचं पाकीट देवाच्या फोटोमागं जसंच्या तसं होतं.

"माय, काऊन नाई घेतल्या?"

"घेईन की. बरं वाटून राह्यलं मले. बरं वाटते त्याले गोळी काऊन खाव?"

हीच अडचण सगळीकडे होती. शुगर दुखत नाही. दुखत नाही ते खरं कसं मानायचं? मी आकडे सांगायची, डोळे जातात, पाय कापावा लागतो, किडनी जाते. लोक मान हलवायचे, मला चहा द्यायचे आणि त्यात माझ्यासाठीही तीन चमचे साखर टाकायचे. घरी येऊन मला रडू यायचं. मी रजिस्टरमध्ये 'समुपदेशन केले' असं लिहायची आणि ते खोटं आहे असं वाटायचं.

मग मला एक उपाय सुचला. तो पत्रकात नव्हता, प्रशिक्षणातही नव्हता. तो आमच्या घरातला होता. मी नववीत असताना बाबांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटावा म्हणून आईनं सगळं करून पाहिलं होतं. शेवटी मीच त्यांचा हात धरून म्हटलं होतं, "बाबा, खर्रा खाल्ला तर तुमाले माही शपथ हाय." आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. शपथ मोडली तर जिची शपथ आहे तिचं वाईट होतं, असं मानतात. बाबांनी त्या दिवसापासून खर्ऱ्याला हात लावला नाही. शपथ घातली की ती सुटेपर्यंत राहते. आणि सुटायची तर ज्यानं घातली त्यानंच समोर उभं राहून तीनदा 'शपथ सुटली' म्हणायला लागतं.

मी गयामायचा हात धरला. मळ्यातल्या मातीनं तो खरखरीत झाला होता. म्हटलं, "माय, साखरेचा एक दाना तोंडात घेतला तर तुमाले माही शपथ. गोळी चुकवली तरी माही शपथ."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पोरी, अशी शपथ घालतात का? तरणीताठी पोरगी तू."

"घातली मी."

त्यांनी चहाची कपबशी बाजूला सरकवली. महिन्यानं शुगर निम्म्यावर आली होती. मला इतका आनंद झाला की तो आकडा आईला दाखवायला मी यंत्रच घरी नेलं.

त्यानंतर जिथं पत्रक चाललं नाही तिथं मी शपथ चालवली. सगळ्यांना नाही, जे फारच ऐकत नव्हते त्यांना. एकूण अकरा जणांना. त्यात एक लिंबाजीमामा होते. मामा म्हणजे नात्यानं नाही, मी त्यांना तसं म्हणायची. वय पन्नाशीचं, बायको वारलेली, बहिणीकडे राहायचे, दुसऱ्यांच्या शेताची आणि बागांची राखण करायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम गुळाचा खडा असायचा, फडक्यात बांधलेला. चालताना दातानं तोडून खायचे. त्यांना दवाखान्यातून दिवसाला दोन गोळ्या लागल्या होत्या. मी त्यांनाही शपथ घातली. त्यांनी खिशातून तो खडा काढला, फडक्यासकट माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "घे मंग. जवळ राह्यला तर हात जाईल माहा. तुह्याच जीवावर बेतन."

मी तो खडा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. खरं सांगते, बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं.

आमच्या भागातल्या जास्त शुगरवाल्यांपैकी गोळ्या नीट घेणारे वाढले, म्हणून सुपरवायझर मॅडमनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. "मराठी गाँव में ये लड़की कैसे करती है, पूछो उसको," असं त्या म्हणाल्या. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, माहीत नाही.

श्रावणातला तिसरा सोमवार होता. मी कॉलेजात होते, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल संपवून बाहेर आले तर शीलावहिनींचे चार मिस्ड कॉल. मी फोन लावला.

"ताई, माय कशीतरीच करून राह्यली. घामानं चिंब झाली, हातपाय थरथर कापून राह्यले. काईबाई बडबडून राह्यली."

"काय खाल्लं त्यांनी?"

"सोमवार हाय ना आज. उपास."

"उपासाचं काय खाल्लं पण?"

"काईच नाई. तुमीच म्हनल्या होत्या, साबुदाना नाई, बटाटा नाई, केळ नाई. मंग पान्यावरच हाय ते काल सांजपासून."

"आणि गोळी?"

"गोळी घेतली ना सकाळी. चुकवली तर तुमची शपथ हाय म्हने."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मी सांगितलेली एकेक गोष्ट बरोबर होती. साबुदाणा शुगरला वाईट, बरोबर. गोळी चुकवू नये, बरोबर. साखर नको, बरोबर. पण पोटात अन्न नसताना ती गोळी घेतली तर शुगर खाली जाते, फार खाली जाते. शुगर वाढली तर माणूस हळूहळू, वर्षांनी खचतो. शुगर उतरली तर तासाभरातही जाऊ शकतो. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी हे सांगितलं होतं. अंगाला घाम, थरथर, बडबड, की लगेच साखर द्या, आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. माझ्या वहीत लिहिलेलं आहे. पत्रकात नव्हतं, म्हणून मी कोणालाही सांगितलं नव्हतं. एकालाही नाही.

"वहिनी, आत्ता साखरेचं पानी पाजा. गिळता येते का त्यांना?"

"गिळता येते. पण तोंडच उघडून नाई राह्यली. मी चमचा लावला तर दात आवळून घेतले. म्हनते, पोरीची शपथ हाय, पोरगी मरन."

शेजारच्या माणसानं ऑटो आणायला कोणाला तरी पिटाळलं होतं. ऑटो गावात नव्हता. मी तीसेक किलोमीटर लांब. मी म्हटलं, फोन कानाला लावा त्यांच्या. आणि ओरडले, "माय, शपथ सुटली, शपथ सुटली, शपथ सुटली." जिन्यावरून उतरणारी मुलं माझ्याकडे बघत होती.

फोनमधून गयामायचा आवाज आला, जिभेवर ओझं ठेवल्यासारखा. "फोनात... नाई सुटत. समोर पाह्यजे."

मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या घरात नेटवर्क नाही, अंगणात थोडं असतं. वहिनी आणि शेजारच्या बायकांनी गयामायला उचलून अंगणात तुळशीजवळ आणलं. मी तोवर पळत कॅन्टीनमध्ये गेले. चहावाल्या अण्णांच्या साखरेच्या डब्यात हात घातला. ते तेलुगूत काही म्हणाले, मी ऐकलं नाही. पडद्यावर गयामायचा चेहरा आला, पांढरा पडलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"माय, पाहा. मी समोर हाय. पाहा माह्याकडं." मी मूठभर साखर तोंडात भरली. "मीच खाऊन राह्यली. ज्याची शपथ त्यानंच खाल्ली. मले काई नाई झालं. सुटली माय. सुटली. सुटली."

तेव्हाच पडदा गोठला. गयामायचे ओठ मिटलेले, वहिनींचा चमचा त्यांच्या हनुवटीपाशी, आणि तिथंच सगळं थांबलं. मी फोन हलवला, बाहेर पळाले, झाडाखाली गेले, पुन्हा लावला. लागला नाही. तोंडातली साखर गिळताही येत नव्हती आणि थुंकताही येत नव्हती. थुंकली तर शपथ पुन्हा लागेल असं मला वाटत होतं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. तरी वाटत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. नंतर फोनमध्ये पाहिलं तर बारा मिनिटं होती. वहिनींचा फोन आला. "घेतलं ताई. अर्धा पेला घेतलं. ऑटोत घालून चाललो आता."

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी शीलावहिनींना विचारलं, उपाशीपोटी गोळी घ्यायला कोणी सांगितलं. वहिनींनी माझं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, आमचं आमीच केलं. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा गयामाय उठून बसल्या होत्या, मुगाची खिचडी खात होत्या. मी त्यांच्या पायाजवळ बसले.

"माय, जीव गेला असता तुमचा. काऊन नाई घेतली साखर?"

"अन् तुले काई झालं असतं म्हनजे? तुह्या मायले मी काय तोंड दाखवलं असतं?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "साखर खाताना तू माकडावानी दिसत होतीस. त्याच्यानंच तोंड उघडलं माहं."

वहिनी हसल्या. मीही हसले.

सुपरवायझर मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या. मग म्हणाल्या, "और कितने?"

तोच प्रश्न मी रात्रभर स्वतःला विचारत होते. शपथा रजिस्टरमध्ये लिहिलेल्या नव्हत्या. तिथं फक्त 'समुपदेशन केले' होतं. मी पानं उलटत आठवत गेले, कोणाचा हात धरला होता, कोणाचा चेहरा उतरला होता. अकरा नावं निघाली. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेज बुडवून गावोगाव फिरले. प्रत्येकासमोर उभं राहून तीनदा म्हटलं. आणि मग जे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं ते सांगितलं. गोळी घेतली की जेवण चुकवू नका. उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, भोवळ आली की साखर, गूळ, काहीही गोड लगेच खा, आणि मग दवाखाना. गोड ही एरवी सवय म्हणून वाईट, पण त्या वेळेला तेच औषध.

एका आजोबांनी ऐकून घेतलं आणि मिशीत हसले. "मी तं शपथ तिसऱ्याच दिवशी मोडली होती. तेराव्याच्या जेवनात बुंदी होती. तू जिती हायेस ना? मंग झालं." त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला.

दहा झाले. अकरावे लिंबाजीमामा.

त्यांच्या बहिणीनं मला ओसरीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "दोन दिस झाले त्याले जाऊन. पैनगंगेच्या पल्याड, म्हाराष्ट्रात, कुनाच्या तरी संत्र्याच्या बागेत राखनीले लागला. कोनतं गाव, ते नाई सांगितलं. मोबाईल बंद येऊन राह्यला."

"गोळ्या नेल्या का?"

"नेल्या ना. तीन महिन्याच्या आनल्या दवाखान्यातून. कपडे इसरला, गोळ्या नाई इसरला. म्हने पोरीची शपथ हाय."

बागेतला राखणदार एकटा असतो. डबा कधी वेळेवर येतो, कधी येत नाही. लिंबाजीमामा डबा आला नाही तर उपाशी राहतील, पण गोळी घेतील. हात कापायला लागतील, घाम फुटेल, त्यांना वाटेल उन्हानं होत असेल. सवयीनं त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात जाईल. खिशात काही नसेल. तो खडा माझ्या पिशवीच्या कप्प्यात आहे, पावसाळ्यात विरघळून फडक्याला चिकटलेला. मी तो टाकू शकत नाही आणि खाऊही शकत नाही.

मी त्यांच्या बहिणीकडे तीनदा जाऊन आले. पलीकडून येणाऱ्या बसच्या कंडक्टरांना सांगितलं, संत्र्याच्या व्यापाऱ्यांना सांगितलं, माझा नंबर चिठ्ठ्यांवर लिहून दिला. पलीकडच्या सरकारी दवाखान्यांत मॅडमनी फोन करून पाहिले. त्या नावाचं कोणी आलेलं नाही, हे ऐकून बरं वाटावं की वाईट, तेच कळत नाही.

मधे मला चार दिवस ताप होता. आई काढा देत होती, बाबा उशाशी बसून होते. आणि मी कोणाला न सांगता मनातल्या मनात म्हणत होते, येऊ दे ताप, अजून वाढू दे. शपथ मोडली असेल तर मलाच काहीतरी होणार. म्हणजे मामांनी साखर खाल्ली असेल. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मला पुन्हा भीती वाटायला लागली.

हा अंक पैनगंगेच्या दोन्ही बाजूंना वाचतात. मामांना वाचता येत नाही. म्हणून जे वाचत आहेत त्यांना विनंती. तुमच्याकडे संत्र्याच्या बागेत राखणीला एक उंच, कमी बोलणारा माणूस असेल, सदऱ्याच्या रिकाम्या खिशात सारखा हात घालत असेल, तर त्याच्यासमोर उभं राहून पुढचं मोठ्यानं वाचा. माझ्या वतीनं म्हटलेलं चालतं की नाही मला माहीत नाही. चालावं.

लिंबाजीमामा, मी गुडीहत्नूरची, शुगर तपासनारी पोरगी. तुमी उपाशी राहून गोळी घेऊ नका. हात कापले, घाम फुटला, तर गूळ खा, साखर खा, झाडावरचं संत्रं तोडून खा, मालकाले मी सांगन. मग दवाखान्यात जा. मले काई होत नाई. शपथ सुटली. शपथ सुटली. शपथ सुटली.